राखाडी पुस्तकातला सतरावा धडा

त्या मंडळीत कोण किती जुनं हे वयावरून ठरत नसे, पुस्तकाच्या रंगावरून ठरत असे. "आम्ही हिरव्यातले," असं एखाद्या आजोबांनी म्हटलं की निळ्यातला माणूस मुकाट्याने खुर्ची रिकामी करून देई. तपकिरीतलं कुणी आता हयात नव्हतं. राखाडीतले मात्र होते, चांगले सभागृहभर होते, पण स्वतःला तसं म्हणवून घ्यायची रीत उरली नव्हती.

ही सगळी पुस्तकं म्हणजे मंडळीची बायबल अभ्यासाची पाठ्यपुस्तकं. चळवळ ज्यांनी सुरू केली ते पेशाने शाळामास्तर होते. चार माणसं बायबल उघडून बसली की पाचव्या मिनिटाला भांडायला लागतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. म्हणून त्यांनी बायबलच्या शेजारी ठेवायला एक तपकिरी पुस्तक लिहिलं. लहान लहान परिच्छेद, आणि पानाच्या तळाशी प्रत्येक परिच्छेदावर एक प्रश्न. घरी प्रश्न वाचायचा, परिच्छेदात उत्तर शोधायचं, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, आणि गुरुवारच्या अभ्यासात हात वर करून तेवढंच वाचून दाखवायचं. कुणी मनातलं काही बोलू लागलं तर अभ्यास घेणारे वडील, म्हणजे मंडळीतले जबाबदार कारभारी, गोड हसून एवढंच म्हणायचे, "कुठे आहे ते दाखवा."

मास्तरांची मात्रा अशी काही लागू पडली की भांडणं तर मिटलीच, पण माणसं घरीही तशीच बोलायला लागली. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर बायको म्हणायची, "कुठे आहे ते दाखवा." यावर सगळे हसायचे. हसायचे, पण सवय हाडामासात मुरली ती मुरलीच. छापलेल्या ओळीवर बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर नव्हे, असं त्यांना खरोखर वाटायला लागलं.

या पुस्तकांची बांधणी ज्याच्या हातून झाली तो बाइंडर. मंडळीच्याच छापखान्यात, तळघरातल्या लांब टेबलाशी त्याचं सगळं आयुष्य गेलं. तपकिरी पुस्तक त्याच्या आधीचं. हिरव्याला तो उमेदवार होता, राखाडीला कारागीर झाला, निळ्याला मुख्य. त्याला सगळे बाइंडरच म्हणत. त्याची बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "अहो बाइंडर, जरा इकडे लक्ष द्या." त्याला एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि मंडळीत गर्व चालत नसल्यामुळे तो त्याने त्या एका गोष्टीत सगळा ओतला होता. ती म्हणजे त्याची खळ. मैदा, पाणी, किडीसाठी चिमूटभर मोरचूद हे कुणीही घालतं. बाइंडर त्यात वितळलेला सरस घालायचा, किती ते कुणाला सांगायचा नाही. "पान फाटेल," तो म्हणायचा, "पण माझी खळ सुटायची नाही."

आता तो निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. छापखानाही बंद झाला होता, कारण नवं पाठ्यपुस्तक कागदावर निघतच नव्हतं. ते फोनमध्ये यायचं आणि फोनमध्येच बदलायचं. आधी काय होतं हे विचारायची सोयच नाही. एका अर्थी बरंच झालं म्हणायचं, कुणाचे हात तरी चिकट होत नाहीत.

त्याच्या घरात माणसं दोन. गेल्या वर्षी बायकोच्या डोक्यातली एक रक्तवाहिनी तुंबली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, पण वर्षं एकमेकांत मिसळली. कालचं आठवायचं नाही, तीस वर्षांपूर्वीचं अर्धंच आठवायचं. डॉक्टरांनी बाइंडरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे काही बोलायचं, दाखवायचं असेल ते आताच करा, पुढे पुढे त्यांना वाचताही येणार नाही. आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे नवं बाळ आलं होतं. ते रडलं की बायको हातातलं काम खाली ठेवायची.

"अहो, आपल्याला मूल का नाही झालं हो?"

"अगं, आपण होऊ दिलं नाही."

"का?"

"पुस्तकात तसं सांगितलं होतं."

"कुठल्या?"

"राखाडी."

मग ती उठायची. भिंतीतल्या फळीवर बोट फिरवायची. तपकिरी, हिरवं, निळं. पुन्हा पहिल्यापासून. "राखाडी नाहीच इथे. कुठे आहे ते दाखवा ना." आणि मग ती जवळ येऊन, अगदी हळू, त्याच्या बाहीला हात लावून म्हणायची, "तुम्हाला नको होतं ना? खरं सांगा. मी नाही रागावणार."

ती रागावली असती तर त्याला परवडलं असतं. तिचं हे समजून घेणंच त्याच्या काळजाला घरं पाडायचं. दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरायची, फक्त संशय तेवढा विसरायची नाही. कपाटात त्याच्या शर्टांच्या घड्या करता करता मध्येच त्याच्याकडे बघायची, आणि त्या बघण्यात त्याला ओळखीचं काही दिसायचं नाही. चाळीस वर्षं ज्या बाईबरोबर काढली ती आपल्याला मूल नको म्हणणारा माणूस समजून मरणार, ही गोष्ट त्याला गिळता येईना. त्याला एकच हवं होतं. तिला वाचता येतंय तोवर ती ओळ तिच्या बोटाखाली ठेवायची.

ओळ होती. राखाडी पुस्तकाचा सतरावा धडा, 'उरलेला काळ'. त्या पुस्तकात या जगाचं शेवटचं वर्ष कोणतं तेही दिलं होतं. आणि चौथा परिच्छेद असा होता: उरलेला काळ थोडा आहे; म्हणून सुज्ञ जोडप्याने या दिवसांत पाळणा रिकामा ठेवावा, येणाऱ्या नव्या जगात तो भरण्यास वेळच वेळ आहे. पानाच्या तळाशी प्रश्न: सुज्ञ जोडप्याने या दिवसांत काय करावे, व का?

तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा भाऊ सुतार, मंडळीबाहेरचा. त्याने लग्नात सागवानी पाळणा करून दिला होता. त्या गुरुवारी तो प्रश्न आला तेव्हा हात वर केला तो बाइंडरनेच. पुस्तक त्याच्या हातचं, नवी शिवण, त्याला उत्साह होता. त्याने खड्या आवाजात परिच्छेद वाचला. ती शेजारी बसली होती. वडील म्हणाले, "छान." घरी आल्यावर दोघांत त्यावर चकार शब्द निघाला नाही, जे छापलं होतं त्यावर बोलण्यासारखं काय होतं? पाळणा स्वयंपाकघरात गेला. त्यात कांदे-बटाटे ठेवायला लागले. अजूनही ठेवतात.

पंधराएक वर्षांनी ते वर्ष आलं आणि गेलं. पाववाला रोजच्यासारखा येत राहिला. मुख्य कार्यालयातून पुढचा निरोप यायला बरेच महिने लागले, आणि आला तो छापील पट्ट्यांच्या गठ्ठ्यांच्या रूपात. पुस्तक नव्याने छापायला पैसा नव्हता, म्हणून बदललेल्या परिच्छेदांवर नवे परिच्छेद चिकटवायचे. बाइंडरने पिंपभर खळ शिजवली. त्या गुरुवारी अभ्यास झालाच नाही. चहाच्या कपांतून खळ वाटली, बोटभर रुंद ब्रश वाटले, आणि लहानथोर सगळे माना खाली घालून चिकटवत बसले. पट्टीखाली काय जातंय ते कुणी वाचलं नाही. वाचायचं नाही असं कुणी सांगितलंही नव्हतं. मधूनमधून गाणी म्हटली.

एकटे घड्याळजी हात बांधून बसले होते. त्यांचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि धंद्यामुळे असेल, पण वेळेच्या बाबतीत त्यांना चेष्टा खपत नसे. "घड्याळ चुकलं तर आपण घड्याळ उघडतो," ते म्हणाले, "काळावर कागद नाही चिकटवत." सगळ्यांनी ब्रश जरा जोरात चालवले. त्यांची अडचण व्हायला नको म्हणून बाइंडर उठला, त्यांच्यापुढचं पुस्तक ओढलं आणि सतराव्या धड्यातली पट्टी स्वतःच्या हाताने लावून दिली. खळ जरा सढळ लावली. अंगठ्याने दाबून कडा बसवल्या. घड्याळजींनी पुस्तक उचललं आणि ते गेले ते पुन्हा आले नाहीत.

पुढे निळं पुस्तक आलं, तेव्हा एक राखाडी द्या आणि एक निळं घ्या असा निरोप निघाला. जमलेली राखाडी पुस्तकं बाइंडरच्या कटिंग मशीनखाली गेली. ज्या हाताने शिवली त्याच हाताने त्याने पातं खाली ओढलं, आणि शेवटी आपल्या घरची दोन्ही आणून तीही कापली. तेव्हा बायकोने विचारलं होतं, "आपलीसुद्धा?" तो म्हणाला होता, "सगळ्यांचीच." तोवर तिचं मूल व्हायचं वय उलटलं होतं. वडिलांनी त्याची पाठ थोपटली. कापलेला कागद पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेला.

आता यंदा पहिल्या पाठ्यपुस्तकाला इतकी इतकी वर्षं झाली म्हणून सभागृहात एक काचेचं कपाट आलं होतं. वर पाटी: 'आपल्या पाठ्यपुस्तकांचा इतिहास'. पुस्तकं लावायला बाइंडरलाच बोलावलं. सध्या अभ्यास घेणारे वडील धंद्याने दातांचे डॉक्टर, मनाने खरोखर चांगले; बायको दवाखान्यात होती तेव्हा डबा घेऊन रोज आलेले. त्यांनी तक्ता दाखवला. तपकिरी, हिरवं, निळं आणि फोन.

"राखाडी राहिलं," बाइंडर म्हणाला.

"काका, ती प्रायोगिक आवृत्ती होती. मुख्य कार्यालयाने इतिहासात धरलेली नाही."

"धरू नका. पण तिथे एखादी प्रत असेल ना? मला एक दिवस द्या. मला फक्त घरी दाखवायचीय. सतरावा धडा. मूल होऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं तो."

डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. दाढ काढण्यापूर्वी दुखणार नाही म्हणतात त्याच आवाजात ते म्हणाले, "असं आपण कधीच शिकवलं नाही, काका. काही उत्साही लोकांनी आपल्या मनाने तसा अर्थ काढला असेल."

"मी बांधलंय ते पुस्तक."

"असेल ना. कुठे आहे ते दाखवा."

एखाद्याने खोटं बोलावं आणि आपण भांडावं, असं ते नव्हतंच. डॉक्टर खरं तेच बोलत होते, त्यांनी निळ्यापासूनच सुरुवात केली होती. बाइंडरने काच पुसली, तीन पुस्तकं नीट उभी केली आणि सभागृहातून निघाला तो सरळ चौकात गेला.

घड्याळजी जाऊन दहाएक वर्षं झाली होती. दुकान मुलगी चालवत होती. आता दुरुस्ती कमी, सेल आणि पट्टे बदलणं जास्त. बाइंडरने आपण कोण ते सांगायला सुरुवात केली तसं तिने हात वर करून थांबवलं.

"ओळखते, काका. बाबांना नेलं त्या दिवशी तुम्ही समोरच्या फूटपाथवरून गेलात. मान खाली घालून."

मंडळी सोडून गेलेल्याशी बोलायचं नाही, हा नियम निळ्या पुस्तकात होता. तो कुठे आहे ते बाइंडरला दाखवता आलं असतं. त्याने ते दाखवलं नाही. "चुकलंच," तो म्हणाला. "तुझ्या बाबांचं राखाडी पुस्तक हवंय. माझ्या बायकोसाठी."

खाली वाकून तिने काउंटरचा आखूड पाय उचलला आणि त्याखालून पुस्तक ओढून काढलं. त्या जागी खोक्याचा तुकडा दुमडून घातला. "डुगडुगत होता म्हणून बाबांनीच लावलं होतं," ती म्हणाली. "घेऊन जा. परत आणू नका."

रस्त्यात त्याने दोनदा थांबून कणा चाचपला. शिवण शाबूत होती, एक टाका हलला नव्हता. कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं. दारातूनच तो ओरडला, "अगं, सापडलं!"

बायको चष्मा शोधून टेबलाशी बसली. राखाडी रंग पाहून ती हसली, रंग तिला आठवत होता. त्याने सतरावा धडा उघडून दिला. तिने चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि अभ्यासात वाचायची तसं सावकाश वाचलं, "मुलांविषयीचा निर्णय प्रत्येक जोडप्याने स्वतःच्या विवेकबुद्धीने घ्यावयाचा आहे."

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"ती पट्टी आहे गं," तो म्हणाला. "खरं तिच्या खाली आहे. थांब जरा, काढून देतो."

तिला दुपारी झोप लागली तसा तो कामाला बसला. आधी पान खिडकीशी धरलं. उजेडात पट्टीची अक्षरं, खालची अक्षरं आणि पानाच्या मागची अक्षरं अशी तिन्ही एकदम दिसली, आणि त्यातलं एकही वाचता आलं नाही. मग ओलं फडकं ठेवून वाट पाहिली. पट्टी जागची हलली नाही. मग किटलीची वाफ दिली. एवढं आयुष्य या कामात गेलं होतं, साधी खळ असती तर त्याने झोपेतसुद्धा काढली असती. पण ही त्याची खळ होती. एक कोपरा सुटला. त्याने बांधणीची हाडाची चपटी सळी आत सारली, केसभर, मग आणखी केसभर. कागद सुटत होता. पण सुटत होता तो खालचा. परिच्छेदाचं पान सालीसारखं निघून पट्टीच्या पाठीला बसत होतं, आणि जे बसत नव्हतं त्याचा लगदा होत होता. तिथेच थांबावं हे त्याला कळत होतं. पण तसंच ठेवलं तर ती पट्टीच वाचणार, हेही कळत होतं. त्याने पट्टी ओढली.

परिच्छेदाच्या जागी भोक पडलं होतं. कडेला 'उरले' एवढं शिल्लक होतं. पट्टीच्या मागे काळपट पिठाचा थर, त्यात एक अक्षर नीट नाही. पानाच्या तळाशी प्रश्न मात्र जसाच्या तसा होता. तो झाकायची त्या वेळी कुणाला गरज वाटली नव्हती.

शेजारी बाळ रडलं आणि ती उठून बाहेर आली. टेबलावरचं पुस्तक पाहून सवयीने तिने पेन्सिल घेतली. प्रश्न मोठ्याने वाचला, "सुज्ञ जोडप्याने या दिवसांत काय करावे, व का?" मग पेन्सिलीचं टोक उत्तर शोधत वर गेलं आणि भोकाशी थांबलं.

"उत्तर कुठे आहे हो?"

बाइंडर उभा राहिला. परिच्छेद त्याला मुखोद्गत होता, जन्मात विसरला नसता. आता एवढंच उरलं होतं. तिने पुन्हा ऐकलं तर ओळखेल, पुस्तकाची भाषा आहे हे तिला कळेल, असं त्याला मनापासून वाटलं. त्या गुरुवारी म्हटला होता तसाच, खड्या आवाजात, एक शब्द इकडचा तिकडे न करता त्याने तो म्हटला. "उरलेला काळ थोडा आहे, म्हणून सुज्ञ जोडप्याने या दिवसांत पाळणा रिकामा ठेवावा, येणाऱ्या नव्या जगात तो भरण्यास वेळच वेळ आहे."

ती एकदम सरळ बसली. तिचा चेहरा उजळला. इतके दिवस चाचपडत असलेलं काहीतरी हाताला लागावं तसा.

"हेच," ती म्हणाली. "हेच म्हणाला होतात तुम्ही. मला आवाज आठवतोय तुमचा."

"अगं, मी नाही. पुस्तक म्हणालं. मी वाचलं फक्त."

तिने पुन्हा पानाकडे पाहिलं. भोकातून बोट घातलं, ते पलीकडे टेबलाला लागलं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली, त्याची बाही धरली आणि मायेने म्हणाली, "असू दे हो. आता कळलं ना मला. मी म्हटलं होतं ना, रागावणार नाही."

भिंतीपलीकडे बाळ गप्प झालं होतं. त्या दिवसानंतर तिने तो प्रश्न कधी विचारला नाही. बाकी सगळं ती विसरत गेली, शेवटी त्याचं नावसुद्धा. एवढं एक उत्तर मात्र तिच्या डोक्यात घट्ट बसलं, आणि ते काढायला बाइंडरकडे काहीच नव्हतं.